सगळ्या मंडळ्यांची मेट्रन

निपाणीत कॉलेजवर नोकरी लागली तेव्हा खोली शोधत मी आक्कांच्या दारात गेलो. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. चष्म्यावरून बघत पहिलाच प्रश्न केला, कुठल्या चर्चला जाता? घर प्रॉटेस्टंट वळणाचं दिसत होतं. भिंतीवर बायबलातलं एक वचन आणि जुनं घड्याळ, मरियामातेचं चित्र कुठं नाही. मी चाचरत कॅथलिक म्हणून सांगितलं आणि खोली गेली असं धरून चपला घालायला वळलो. तर आक्का म्हणाल्या, "बरं झालं. कॅथलिक तेवढा राहिलाता."

नंतर कळलं की घरातले भाडेकरू त्या अशाच निवडून भरत होत्या. मागच्या खोलीत कन्नड मंडळीतली एक शिक्षिका होती, अंगणातल्या खोलीत जुन्या मराठी चर्चचं एक जोडपं. आमच्यात एका चर्चच्या लोकांना मिळून मंडळी म्हणतात, आणि निपाणीसारख्या गावातसुद्धा मंडळ्या मूठभर असल्या तरी एकीचं तोंड दुसरीकडे नसतं. घरात चार प्रकारच्या डाळी असाव्यात तशा आक्कांना घरात चार मंडळ्या हव्या होत्या. रोज संध्याकाळी दिवेलागणीला सगळ्यांनी खालच्या सोप्यात येऊन एकत्र प्रार्थना करायची, ही भाड्याची खरी अट. लाइटबिल उशिरा दिलं तर चालायचं, प्रार्थनेला उशीर चालत नसे.

आक्का मिशनच्या दवाखान्यात मेट्रन होत्या. लग्न केलं नाही, दवाखान्यातच उभा जन्म गेला. अर्ध्या निपाणीला आयुष्यातली पहिली चापट आक्कांनी मारली आहे, असं लोक म्हणायचे, आणि ते खरंही होतं. बाजारात मिशा पिळत फिरणारा एखादा तालेवार माणूस समोर आला तरी त्या त्याला ऐकू जाईल अशा बेतानं सांगत, "ह्यो पायाकडनं आलाता. लई तरास दिला आईला." तो बिचारा भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्या गल्लीनं जाई. मला त्या 'सर' म्हणत आणि अरेतुरे करत. "ए सर, चहा घेणार काय रं?" हे ऐकायची मला पुढं इतकी सवय झाली की कॉलेजात कुणी 'अहो सर' म्हटलं की परकं वाटू लागलं.

निवृत्त झाल्या तरी वॉर्ड त्यांच्या अंगातून गेला नव्हता. पाहुण्यांनी चार ते सहा याच वेळात यायचं, सहा वाजले की त्या सरळ दारात उभ्या राहत. मराठी चर्चच्या पाळकसाहेबांचीसुद्धा नखं बघायच्या. प्रार्थनेत शेजाऱ्याचा हात धरायची आमच्याकडं पद्धत आहे, पण आक्का तळहात धरत नसत, मनगट धरत, आणि बोटं बरोबर नाडीवर. आमेन झालं की हळूच सांगत, "तुझं ध्यान न्हवतं. कसला इचार करालतास?" मला हे पहिल्यांदा ऐकवलं त्या दिवशी मी खरंच एका परीक्षेच्या पेपरांचा विचार करत होतो. तेव्हापासून मी त्यांच्या शेजारी बसायचं टाळू लागलो, पण टाळणाऱ्याला त्या बरोबर हुडकून काढत.

त्यांची स्वतःची प्रार्थना म्हणजे सकाळच्या राउंडचा अहवाल असे. "प्रभू, कोपऱ्यावरच्या म्हातारीला कालच्यापेक्षा आराम हाय. तिच्या सुनेला मातर अजून गुण न्हाय." देवाला ताजी माहिती नसेल तर त्याची पंचाईत होईल अशी त्यांना काळजी वाटत असावी. हसू दाबताना मला खोकला यायचा. खोकला आला की दुसऱ्या दिवशी काढा प्यावा लागे.

चर्चांनी एकत्र यावं हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं, ते मी एकदा विचारलं होतं. त्या नवीन नर्स होत्या तेव्हाची गोष्ट त्यांनी सांगितली. एक कॅथलिक म्हातारा शेवटच्या घटका मोजत होता. फादर बेळगावहून निघाले होते, पण वाटेत गाडी बिघडली. म्हाताऱ्याच्या हातात जपमाळ, आणि तो डोळ्यांनी विनवत होता की कुणीतरी म्हणा. वॉर्डात दुसरं कॅथलिक कुणी नव्हतं. आक्कांना जपमाळेवर म्हणायच्या 'नमो मारिया'तलं अक्षर येत नव्हतं, मरियामातेची ती प्रार्थना म्हणणंच त्यांच्या घरात चूक मानत. त्यांनी माळ हातात घेतली आणि जमेल तसं म्हणायला लागल्या. म्हातारा एकेक शब्द पुटपुटून त्यांच्या चुका दुरुस्त करत होता. असं करत माळ पुरी झाली. "मरणारा माणूस मला शिकवालता रं," आक्का म्हणाल्या, "आणि आम्ही धडधाकट माणसं एकमेकाच्या दारात जायाला लाजतोय."

दर जानेवारीत ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह असतो. जगभर असतो, पण निपाणीत तो आक्कांच्या धाकानं चाले. रोज संध्याकाळी वेगळ्या चर्चमध्ये भक्ती, म्हणजे सगळ्यांची मिळून उपासना. नियम आक्कांचे. पहिला नियम असा की स्वतःच्या मंडळीसाठी प्रार्थना करायची नाही, दुसरीसाठी करायची. आपल्यासाठी तर रोजच मागतो, म्हणायच्या. आमचे फादर कन्नड मंडळीच्या गळक्या छपरासाठी मनापासून प्रार्थना करत आणि कन्नड मंडळी आमच्या फादरांच्या गुडघेदुखीसाठी.

दुसरा नियम उपदेशाचा. उपदेश लांबला की आक्का काही बोलत नसत, नुसत्या उठून उभ्या राहत. पहिल्या बाकावरची ही उंच बाई उभी राहिली की मागच्यांना वाटे प्रार्थना सुरू झाली. एकेक करून सगळं चर्च उभं राही, बायका डोक्यावर पदर घेत, डोळे मिटत. मग उपदेश करणाऱ्याला दुसरा इलाजच नसे. बेळगावहून आलेल्या एका मोठ्या वक्त्याचं पहिल्याच मुद्द्यावर असं झालं. तो बिचारा शेवटपर्यंत समजत होता की आपल्या शब्दांनी लोक इतके हेलावले.

सगळ्यांत अवघड जागा प्रभूच्या प्रार्थनेची, येशूनं शिकवलेली ही प्रार्थना सगळ्याच मंडळ्या म्हणतात. वाईटापासून सोडव, असं म्हणून झालं की आम्ही कॅथलिक थांबतो, कारण मिस्सेत, म्हणजे आमच्या रविवारच्या उपासनेत, तिथं फादरांची प्रार्थना असते आणि मग आम्ही राज्य, सामर्थ्य, गौरव वगैरे म्हणतो. मराठी मंडळी न थांबता पुढं जाते. सुरुवातीच्या एका वर्षी आम्ही थांबलो, ते गेले, आम्ही त्यांना गाठायला धावलो, ते आमच्यासाठी थांबले, आणि देवाच्या गौरवाचे तुकडे झाले. लोक घरी जाताना हसत होते आणि काही चिडलेही होते. दुसऱ्या दिवशी आक्कांनी सगळ्यांना उभं करून तोडगा सांगितला. तिथं एक श्वास घ्यायचा. कॅथलिकांनी एवढंच थांबायचं, बाकीच्यांनी एवढं तरी थांबायचं, मग मिळून पुढं. पोलिओचे डोस द्यावेत तशी त्यांनी प्रत्येक चर्चमध्ये जाऊन याची तालीम घेतली. आता मी बेळगावात असतो आणि इथं चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना म्हणताना कधी कधी मी एकटाच भलत्या जागी श्वास घेतो.

एवढ्या सगळ्या मंडळ्यांना दावणीला बांधणाऱ्या या बाईचं समोरच्या घराशी मात्र बोलणं नव्हतं. समोरच्या घरात त्यांचा सख्खा धाकटा भाऊ राहत होता.

मामा बसचे कंडक्टर होते. आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो. नोकरीतून सुटल्यावर थोड्याच दिवसांत त्यांची बायको गेली. चर्चचे लोक दफनाला आले, चार दिवस आले, मग आपापल्या कामाला लागले. पण बोरगावकडची एक निराळी सभा होती, तिची माणसं रोज संध्याकाळी येऊन मामांजवळ बसत राहिली, गात राहिली. मामा त्यांच्यात गेले, आणि पुढं त्या सभेचे पुढारीच झाले. आमच्यात बाळाच्या डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा देतात, या सभेत तो मानत नाहीत. माणसानं जाणतेपणी, पाण्यात पूर्ण बुडून बाप्तिस्मा घ्यायचा. मामांनी वेदगंगेत उतरून तो घेतला आणि काठावर येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, आज माझा खरा बाप्तिस्मा झाला.

मामांचे कपडे वाळायच्या आत ही बातमी आक्कांपर्यंत आली. दोघा भावंडांचा बाप्तिस्मा ती तान्ही असताना त्यांच्या वडिलांनी, आप्पांनी, स्वतःच्या हातानं केला होता. आप्पा सायकलवरून गावोगाव फिरून उपदेश करत. आक्का दारात उभ्या राहिल्या आणि समोरून येणाऱ्या भावाला त्यांनी एवढंच विचारलं, "मग आप्पांनी काय केलतं? तोंड धुतलंतं?"  मामा खाली मान घालून घरात गेले. आक्कांनी दार लावून घेतलं. तेव्हापासून ही दोन म्हातारी माणसं एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हती.

निरोप मात्र थांबले नव्हते, आणि ते मी पोचवायचो. "ए सर, त्यांला सांग, घराच्या कराचा कागद आलाय." मी गल्ली ओलांडायची. "सर, आक्काला सांगा, बघितला." मी परत यायचं. नाताळात आक्का करंज्या द्यायला मला पाठवत आणि बजावत, माझ्या म्हणून सांगू नकोस. मामा एक करंजी तोंडात टाकत आणि म्हणत, "आक्काच्या हायत." एकदा मी वैतागून दोघांनाही मोबाइलवर बोला म्हटलं, तर दोघांनीही माझ्याकडं असं बघितलं की मीच काहीतरी वावगं बोललो.

ऐक्य सप्ताहाला मामांच्या सभेला बोलावणं नसे. आमचे फादर दरवर्षी विचारत, सगळ्या मंडळ्या म्हणजे सगळ्याच ना, मेट्रन? आक्का म्हणत, पुढच्या वर्षी बघू. तरी भावाच्या सभेला बाहेरच्या कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. ही सभा पूर्वी तंबाखूच्या एका जुन्या वखारीत भरे. तिथं गाताना निम्मी माणसं शिंकत असत. मालकानं वखार विकली आणि सभा मामांच्या घरात आली. ढोलकी, टाळ्या, आणि सगळ्यांनी एकाच वेळी मोठमोठ्यानं करायची प्रार्थना. शेजारच्या बाई तक्रार घेऊन आक्कांकडं आल्या, तेव्हा आक्कांनी त्यांना वाटेला लावलं. कळा देणारी बाई ओरडत असली तर तिला गप्प बस म्हणत न्हाईत, म्हणाल्या.

हे सगळं गमतीचं वाटलं तरी मला आतून एकच धास्ती होती. दोघंही सत्तरी ओलांडलेली. यातलं कुणीतरी एक आधी जाणार, आणि मागं राहिलेलं माणूस कबरीजवळ उभं राहून काय बोलणार? निरोप द्यायला तिथं मी पुरा पडणार नव्हतो. 

मी तिथं असतानाच्या शेवटच्या वर्षी सप्ताहाच्या अखेरच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मामांनी मला बोलावलं. सभेतल्या काही तरुण मुलामुलींना बाप्तिस्मा द्यायचा होता. नदीवर आता नको वाटतं, मामा म्हणाले. काठावर कुणीतरी मोबाइल धरून उभं राहतं, कुठून आलात, कुणाला बाटवताय विचारतं. "आमचीच पोरं हायत, सर. आमच्या डोळ्यांदेखत वाढलेली. पण कुणाकुणाला सांगत बसायचं?" मग म्हणाले, आक्काला विचारा, हौद तासभर मिळेल का.

आक्कांच्या परसात दगडी हौद होता. ज्या काळात आमच्या लोकांना पाणवठ्याला शिवू देत नव्हते, त्या काळात आप्पांनी तो बांधून घेतला होता, विहिरीचं पाणी त्यात सोडलं होतं आणि सांगितलं होतं की इथं पाण्याला आलेल्या कुणालाही परत पाठवायचं नाही. आक्कांनी ते पाळलं. परसाच्या फाटकाला कधी कुलूप नसे. उन्हाळ्यात सगळी गल्ली तिथं घागरी भरायची.

मी निरोप सांगितला. आक्का तांदूळ निवडत होत्या, त्यांनी ताटातून डोकं वर काढलं नाही. एक खडा काढून बाजूला टाकत म्हणाल्या, "पाणी न्यायाला मी कुणाला अडवलंय? न्या म्हणावं पाणी. उतरायचं न्हाय." तेच मी मामांना जाऊन सांगितलं. मामांनी डोकं खाजवलं. "बरं," म्हणाले, "पाणी तर पाणी."

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी फादर आणि मराठी चर्चचे पाळकसाहेब आक्कांच्या सोप्यात येऊन बसले होते. संध्याकाळी समारोपाची भक्ती होती, त्याचा क्रम ठरवायचा होता. तेवढ्यात परसाचं फाटक वाजलं. सभेची माणसं आत आली, प्रत्येकाच्या हातात काहीतरी. घागर, कळशी, बादली, एकाकडं पाच लिटरचा तेलाचा डबा.  हौदातून पाणी भरून घेतलं आणि रांगेनं गल्ली ओलांडून मामांच्या अंगणात नेलं. तिथं वरचं तोंड कापलेली काळी प्लास्टिकची टाकी ठेवली होती. एक घागर ओतून पुन्हा परत. आजारातून उठलेली एक म्हातारी कडेवर कळशी घेऊन निम्मं पाणी वाटेत सांडत जात होती.

पाळकसाहेब म्हणाले, पहिलं गीत कुठलं घ्यायचं?  फादरांची मान फाटकाकडून मामांच्या दाराकडे आणि परत अशी फिरत होती. पाळकसाहेब हळूच म्हणाले की मेट्रन, मला वाटतं आपण काहीतरी करायला पाहिजे. आक्कांनी सांगितलं, आपलं काम चालू द्या. म्हातारी तिसऱ्यांदा आली तेव्हा तिला हौदाच्या काठाशी टेकावं लागलं. आक्का उठून उभ्या राहिल्या. त्याबरोबर सवयीनं फादर उभे राहिले, पाळकसाहेब उभे राहिले, आणि मी डोळे मिटले. उघडून बघतो तर आक्का फाटकातून बाहेर पडल्या होत्या.

मी मागं धावलो. इतक्या वर्षांत त्यांनी ती गल्ली ओलांडलेली मी पाहिली नव्हती. मामांच्या फाटकाशी येऊन त्या थांबल्या. आत टाकी, टाकीच्या भोवती बाप्तिस्मा घ्यायला आलेली पोरं पांढऱ्या कपड्यांत थंडीनं काकडत उभी, आणि मामा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून टाकीत किती पाणी झालं ते बघत. भाऊ चार हातांवर उभा होता. तरी आक्का माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सर, त्यांला इचार, ह्यातल्या कुणाचा बाप्तिस्मा आधी झालाय?"

मामा माझ्याकडं बघून म्हणाले, "आक्काला सांगा, कुणाचाच न्हाय. सगळी सभेतच जलमलेली."

"मग घेऊन या म्हणावं हौदावर." आक्कांचा आवाज चढला. "आप्पांनी दगडाचा हौद बांधलाय, आणि ह्यो माणसं पिंपात बुडवायलाय. लोक काय म्हणतील आप्पांस्नी?"

 मामांनी मान डोलावली. मला इतकं बरं वाटलं की मी उगाचच एका पोराच्या हातातली बादली घेऊन पळत सुटलो, तीही रिकामी.

त्यानंतरचा अर्धा तास परस म्हणजे वॉर्ड झाला होता. जानेवारीचं पाणी, पोरांना न्यूमोनिया होईल म्हणून आक्कांनी बंब पेटवायला लावला. बंबाच्या गरम पाण्यानं हौद काय गरम होणार, पण निदान बाहेर आलेल्यांच्या पायांवर ओतायला झालं. घरातले सगळे टॉवेल निघाले, आम्हा भाडेकरूंचेसुद्धा. पाळकसाहेब चहा गाळत होते. फादर बाजूला उभे होते, तर आक्कांनी त्यांना बोलावून सांगितलं, नुसतं बघायचं न्हाय, प्रार्थना करा. फादरांनी त्या पोरांसाठी प्रार्थना केली. पाळकसाहेबांनी चहाच्या गाळणीसकट हात जोडून केली. सभेच्या लोकांनी एकदम सगळ्यांनी मिळून मोठमोठ्यानं केली. आमची हळू, त्यांची जोरात, एकाच परसात. मी पुष्कळ भक्तींना गेलो आहे, पण त्या दुपारसारखी पुन्हा मिळाली नाही.

मामा छातीभर पाण्यात उभे होते. एकेक पोर पायऱ्या उतरून जाई, मामा पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं त्याला पाण्यात घालत आणि वर काढत. शेवटची मुलगी बाहेर आली. मामाही यायला निघाले, पण हौदाच्या पायऱ्या शेवाळलेल्या आणि मामांचे गुडघे कंडक्टरकीत झिजलेले. एका पायरीवर पाय ठेवत आणि घसरून परत मागं जात. पोरं पुढं येणार तेवढ्यात आक्का, लुगड्याचा ओचा खोचून, दोन पायऱ्या खाली उतरल्या आणि हात पुढं केला. मामांनी तो धरला. मामांच्या वजनाचा अंदाज आक्कांना आला नसावा. दोघंही सरळ पाण्यात गेली. आक्का पूर्ण बुडाल्या, अगदी केसांसकट.

 आक्का वर आल्या, चष्मा नाही, अंबाडा सुटलेला. सभेतल्या एकानं हात वर करून 'हालेलूया' म्हणायला सुरुवात केली.

"गप बस," आक्का म्हणाल्या. "माझा आप्पांनी केलाय. तेवढा बास हाय मला."

कुणी हसायला धजलं नाही. मामा त्यांच्या शेजारी पाण्यात उभे होते, त्यांचं तोंडही ओलं, त्यामुळे ते रडत होते की काय ते कळत नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. सरळ बहिणीकडं बघून म्हणाले, "माझाबी आप्पांनीच केलाय, आक्का. तिकीट आप्पांनीच काढलंतं. मी गाडीत उशिरा चढलो, एवढंच."

 पाण्याचे थेंब आक्कांच्या हनुवटीवरून गळत होते.

"मग हे तवाच सांगायला काय झालंतं?"

"तू दार लावलंतंस."

आक्कांनी पदरानं तोंड पुसलं. पदरही ओलाच होता, त्याचा काही उपयोग झाला नाही. म्हणाल्या, "चल वर. गारठशील." मग पोरांनी दोघांनाही हात देऊन बाहेर काढलं, फादरांनी पाण्यात हात घालून चष्मा शोधला, आणि पाळकसाहेबांनी दोघांच्या हातात चहाचे कप दिले. हौदाच्या कट्ट्यावर, माझा टॉवेल दोघांच्या खांद्यांवरून घेऊन, ती दोघं शेजारी शेजारी बसली होती.  मला तेवढ्यानंच भरून आलं आणि मी बंबाजवळ जाऊन धुरानं डोळे झोंबल्यासारखं केलं.

संध्याकाळच्या समारोपाला मामांची सगळी सभा आली, ढोलकीसकट. कोण कुठं बसलं हे मला आता आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला खाली उतरलो तर सोप्यातून चढे आवाज येत होते. मामा खुर्चीत बसले होते, आक्का त्यांच्यासमोर हातात पळी घेऊन उभ्या. पुढच्या वर्षीच्या सप्ताहात सभेनं ढोलकी आणायची की नाही, यावर दोघांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. आक्का मामांना हट्टी म्हणत होत्या, मामा आक्कांना हुकूमशहा म्हणत होते. मी दारात उभा राहिलो. कुणीतरी 'सर, त्यांला सांग' म्हणेल म्हणून वाट बघितली. दोघांनी माझ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. मी माझा कप उचलला आणि वर खोलीत येऊन, खालचं भांडण ऐकत, सावकाश चहा प्यालो.